वानरदंश : डागणीपासून साबणापर्यंत



भंडारा जिल्ह्यांतील कोणत्याहि खेड्यांत सकाळच्या प्रहरीं क्षणभर उभें राहिलें, तर कवेलूंच्या छपरांवरून धडधडत जाणारी वानरांची टोळी दृष्टीस पडल्यावांचून सहसा रहात नाहीं. वैनगंगेच्या कांठच्या धानाच्या बांध्या, कोहळी समाजानें पिढ्यान् पिढ्या खपून बांधलेले तलाव, त्यांच्या पाळींवर वाढलेलीं आंब्याचिंचेचीं झाडें आणि कोक्याच्या बाजूला पसरलेलें रान हें सारें पाहिलें म्हणजे वानरांसाठीं याहून सोयीचा मुलूख ब्रह्मदेवालाहि निर्माण करतां आला नसता असें वाटतें. कवेलू फुटलें, तुरीच्या शेंगा ओरबाडल्या गेल्या, उसाचीं कांडीं मोडलीं, म्हणजे घरधनी काठी घेऊन धांवतो. परंतु शनिवार उजाडला कीं तोच घरधनी मारुतीच्या पारापाशीं फुटाण्यांची ओंजळ त्याच वानरापुढें धरतो. एखादा वानर विजेच्या तारेला लागून मेला, तर गांव वर्गणी काढून वाजतगाजत त्याला माती देतो.

राग आणि भक्ति यांचें हें मिश्रण आपल्या परिचयाचें आहे, आणि त्याबद्दल माझी कांहीं तक्रार नाहीं. प्रश्न इतकाच कीं, या दोन भावनांच्या दाटींत योग्य त्या भयाला जागाच उरत नाहीं. कुत्रा चावला म्हणजे घरांत एकच कल्लोळ उडतो, शेजारीपाजारी गोळा होतात, मिळेल त्या वाहनानें मुलाला दवाखान्यांत नेलें जातें. वानर चावला किंवा त्यानें ओरबाडलें, तर मात्र बजरंगबलीचा प्रसाद मिळाला म्हणून मोठीं माणसें हंसतात, चिमूटभर हळद जखमेंत दाबतात, आणि मूल दुसऱ्या दिवशीं शाळेंत जातें. पिसाळलेला कुत्रा, पिसाळलेला कोल्हा हे शब्दप्रयोग आपल्या भाषेंत रुळलेले आहेत. पिसाळलेला वानर हा प्रयोग सहसा कानांवर येत नाहीं, आणि म्हणून तशी वस्तुहि नसावी अशी समजूत होऊन बसते. वास्तविक रेबीज, म्हणजे आपल्या जुन्या वैद्यकांतील अलर्क रोग, कोणत्याहि सस्तन प्राण्याला होऊं शकतो. वानराला तो झाल्याचे प्रसंग कुत्र्याच्या मानानें फार थोडे, ही गोष्ट खरी. पण गांवांत रहाणाऱ्या वानराची गांवच्या कुत्र्याशीं गांठ रोजच पडते. आणि या रोगाचीं लक्षणें माणसांत एकदां दिसूं लागलीं कीं मृत्यु जवळजवळ अटळ असतो. अशा रोगाच्या बाबतींत ‘थोडे’ या शब्दावर विसंबून स्वस्थ बसणें हें शहाणपणाचें नव्हे.

या दंशावर माणसानें आजवर कोणते उपाय केले आणि त्यांपैकीं कोणते टिकले, ही कथा मोठी उद्बोधक आहे. तिचा आरंभ आपल्याच देशांत सांपडतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत जंगम विषाचा विचार करतांना ज्यांच्या दाढांत व नखांत विष असतें अशा प्राण्यांची एक यादी दिलेली आहे, आणि तींत मांजर व कुत्रा यांच्या पाठोपाठ वानराचें नांव येतें. नखांचा उल्लेख विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण वानराचें ओरबाडणें ही गोष्ट आपल्याकडे आजहि हिशोबांत धरली जात नाहीं. त्याच कल्पस्थानांत पुढें पिसाळलेल्या जनावराचें वर्णन आहे : शेंपूट, जबडा आणि खांदे लोंबलेले, तोंडांतून लाळ गळत असलेली. अशा जनावराच्या दंशानंतर रोग्याला पाण्यांत किंवा आरशांत त्या जनावराचें रूप दिसूं लागलें, अथवा पाण्याच्या नुसत्या दर्शनानें तो दचकूं लागला, म्हणजे तो वांचत नाहीं, असें आचार्य सांगतात. उपाय म्हणून दंशाची जागा पिळून रक्त वाहूं द्यावें, तापलेल्या तुपानें ती डागावी, वर औषधाचा लेप द्यावा आणि जुनें तूप पाजावें, अशी योजना आहे. या योजनेंतील तूप आज कोणी वापरणार नाहीं, वापरूंहि नये. परंतु विष जखमेंत असतें आणि पहिली झुंज जखमेच्या तोंडाशींच दिली पाहिजे, हें मर्म त्या वैद्याला बरोबर सांपडलें होतें. पुढच्या अनेक शतकांत ज्यांनीं ताईत, दोरे आणि मंत्र यांवर भिस्त ठेवली, त्यांच्यापेक्षां तो किती तरी पुढें होता.

पाश्चात्य वैद्यकाची वाटहि निराळी नव्हती. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार केल्सस यानें दंशाची जागा डागण्याचा उपदेश केला, आणि तेव्हांपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपांतील खेडुतांचा या रोगावरचा दवाखाना म्हणजे लोहाराची भट्टी. १८३१ सालीं फ्रान्समधील आर्ब्वा गांवाच्या परिसरांत एका पिसाळलेल्या लांडग्यानें धुमाकूळ घातला, तेव्हां त्यानें चावलेल्या माणसांना भट्टीवर नेऊन तापल्या सळईनें डागण्यांत आलें. तेथून जवळच्याच घरांत रहाणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या मनावर त्या प्रसंगाचा ठसा कायमचा उमटला. तो मुलगा म्हणजे लुई पाश्चर.

पाश्चरच्या शोधाची हकीगत आपण शाळेंत वाचलेली असते, परंतु तींत माकडाचा भाग किती आहे हें सहसा सांगितलें जात नाहीं. १८८४ सालीं त्याला असें आढळून आलें कीं, कुत्र्याचें अलर्कविष माकडांत टोंचून एका माकडांतून दुसऱ्यांत असें नेत गेलें, तर तें उत्तरोत्तर निस्तेज होतें. उलट सशांतून नेत गेलें, तर अधिकाधिक प्रखर होतें. प्राणघातक विष माणसाच्या हातानें सौम्य करतां येतें, ही आशा त्याला या प्रयोगानें दिली. प्रत्यक्ष लस त्यानें सशाचा पृष्ठरज्जु वाळवून तयार केली आणि ६ जुलै १८८५ रोजीं आल्सास प्रांतांतील जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती पहिल्यानें टोंचली. मुलाला कुत्रा चावून दोन दिवस झाले होते. तो मुलगा वांचला.

येथें या रोगाची चाल थोडी समजून घेतली पाहिजे. जखमेंत शिरलेला विषाणु रक्तांतून धांवत नाहीं. तो मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणूनच दंश आणि रोग यांच्यामध्यें सामान्यतः एक ते तीन महिन्यांचें अंतर रहातें. दंश तोंडावर, मानेवर किंवा बोटांवर असला तर तें कमी होतें. मेंदू गांठण्यापूर्वीं शरीरांत प्रतिकारशक्ति उभी करावयाची, हा लसीचा सारा डाव. दैवानें माणसाला दिलेली ही सवड आहे. ती सवड कोणाला उपयोगांत आणतां येई आणि कोणाला येत नसे, हा मात्र भूगोलाचा आणि पैशाचा प्रश्न होता.

आरंभीं तर या उपचारासाठीं हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांना थेट पॅरिसला पाठवीत असत. १९०० सालीं सिमल्याजवळ कसौली येथें आपल्या देशांतील पहिली पाश्चर संस्था निघाली, आणि १९०७ सालीं निलगिरीवर कुन्नूर येथें दुसरी. दोन्ही ठिकाणें थंड हवेचीं, डोंगरावरचीं, आणि मध्यप्रांतापासून दोन्ही सारखींच दूर. त्या काळीं भंडाऱ्याच्या मुलुखांतील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला वानरानें फाडलें असतें, तर बापाला काय करावें लागलें असतें, याची कल्पना करून पहा. आधीं बैलगाडीनें भंडारा रोडचें स्टेशन गांठावयाचें, तेथून नागपूर. नागपुराहून गाड्या बदलीत दिल्ली, दिल्लीहून काल्का, आणि मग डोंगरचढण. हजार किलोमीटरांहून दूरचा हा प्रवास. १९०३ सालीं काल्का-सिमला रेल्वे झाल्यावर शेवटची चढण थोडी सोपी झाली इतकेंच. पुढें सुमारें दोन आठवडे रोज एक टोंचणी, परकी भाषा, न सोसणारी थंडी, आणि इकडे धान उभें असलेलें किंवा रोवणी खोळंबलेली. ज्याला हें साधणार नव्हतें, आणि तें फार थोड्यांना साधण्यासारखें होतें, त्याच्या वाट्याला डागणी आणि मांत्रिक एवढेंच उरे. मांत्रिकाला आपण आज अडाणी म्हणतों. पण तो हांकेच्या अंतरावर होता आणि कसौली नव्हती, हें त्याच्या दीर्घायुष्याचें एक कारण मानावें लागेल.

हें अंतर तोडण्याचें श्रेय डेव्हिड सेंपल यांचें. हे कसौलीच्या संस्थेचे पहिले संचालक. १९११ सालीं त्यांनीं जनावराच्या मेंदूंत वाढविलेला विषाणु कार्बॉलिक ॲसिडानें मारून लस तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. पाश्चरच्या लसीसाठीं रोज ताजा पृष्ठरज्जु लागे, म्हणून रोग्याला संस्थेच्या दारांत येऊन रहावें लागे. सेंपलची मृत लस बाटलींत भरून दूरवर पाठवितां येई. माणसानें लसीकडे जाण्याऐवजीं लस माणसाकडे येऊं लागली, आणि कालांतरानें जिल्ह्याच्या इस्पितळांत ती मिळूं लागली.

परंतु ती लस मोठी कठोर होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या त्या द्रवाच्या पोटांत घेतलेल्या चौदा सुया आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत एखाद्या शिक्षेसारख्या येतात, आणि त्यांत अतिशयोक्ति नाहीं. थोड्या जणांना तर मेंदूच्या त्या अंशांमुळेंच पक्षाघात होई. रोगापासून वांचण्यासाठीं घेतलेला उपाय स्वतःच अपाय करी. पुढें प्रयोगशाळेंत पेशींवर वाढविलेल्या विषाणूपासून शुद्ध लसी तयार होऊं लागल्या, आणि डिसेंबर २००४ मध्यें भारतांत मेंदूपासून केलेल्या लसीचें उत्पादन कायमचें थांबलें. चौदा सुया गेल्या. त्यांची दहशत मात्र मागें राहिली. पोटांत सुया देतील या धास्तीनें चावा लपविणारें मूल आणि त्या धास्तीला मान डोलावणारी आजी हीं दोघेंहि आज ज्या वस्तूला भितात ती वस्तु कोणत्याहि दवाखान्यांत शिल्लक नाहीं.

आतां वानराच्या दातांकडे दुसऱ्या बाजूनें पाहूं. त्यांत भय आहे तें केवळ अलर्काचेंच नव्हे. याचें प्रसिद्ध उदाहरण एका राजाचें आहे. २ ऑक्टोबर १९२० रोजीं ग्रीसचा सत्तावीस वर्षांचा राजा अलेक्झांडर अथेन्सजवळील तातोई येथील आपल्या बागेंत फिरत असतां त्याच्या कुत्र्याची आणि एका पाळीव माकडाची झटापट जुंपली. राजा सोडवावयास मध्यें पडला, इतक्यांत दुसऱ्या माकडानें त्याच्या पायाला आणि अंगाला चावे घेतले. जखमा धुऊन बांधण्यांत आल्या. त्या गंभीर आहेत असें कोणालाच वाटलें नाहीं, आणि गोष्टीचा बोभाटा करूं नये अशी खुद्द राजाचीच इच्छा होती. पण लौकरच जखमा चिघळल्या, ताप चढला, विकार रक्तांत पसरला. पाय कापावा कीं काय, असा विचार वैद्यांच्या मनांत आला. परंतु राजाचा पाय कापण्याची जबाबदारी शिरावर घ्यावयास एकहि वैद्य धजेना. सामान्य माणसाचा पाय कदाचित् कापला गेला असता आणि तो जगला असता. २५ ऑक्टोबर रोजीं राजा मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर निवडणुकींत सत्ता पालटली, हद्दपार झालेला बाप कॉन्स्टंटाइन पुन्हां गादीवर आला, आणि तुर्कांशीं चाललेल्या युद्धाचा १९२२ सालीं ग्रीसच्या दृष्टीनें भयंकर शेवट झाला. त्या एका माकडाच्या चाव्यानें अडीच लाख माणसें मेलीं असें म्हणणें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं, अशा अर्थाचें चर्चिल यांनीं लिहून ठेविलें आहे. मुत्सद्द्यांच्या चुकांचें खापर एका मुक्या प्राण्याच्या माथीं फोडण्याचा हा प्रकार मला थोडा नाटकी वाटतो. वैद्यकाच्या दृष्टीनें मात्र गोष्ट साधी आहे. माकडाचा सुळा लांब आणि टोंकदार असतो. वरून जखमेचें तोंड लहान दिसतें, पण आंत ती खोल जाते आणि तोंडांतले असंख्य जंतु तेथें सोडून देते. त्या काळीं पेनिसिलिन नव्हतें. आज तसलीं औषधें आहेत, पण तीं जखम दाखविणाऱ्यालाच मिळतात, झांकणाऱ्याला नव्हे.

दुसरें उदाहरण १९३२ सालचें, न्यूयॉर्क शहरांतील. पोलिओच्या संशोधनांत गुंतलेले डॉ. विल्यम ब्रेबनर यांना रीसस जातीचें एक माकड चावलें. माकड दिसण्यांत अगदीं निरोगी होतें. थोड्याच दिवसांत डॉक्टरांना पक्षाघात होऊन मृत्यु आला. त्यांच्या शरीरांतून मिळालेल्या विषाणूचें वर्णन अल्बर्ट साबिन आणि आर्थर राइट यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मृताच्या नांवाच्या आद्याक्षरावरून त्याला ‘बी’ विषाणु म्हणूं लागले. रीसससारख्या माकडांत तो आढळतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाहीं. माणसाला त्याची बाधा झाल्याचे नोंदलेले प्रसंग साऱ्या जगांत मिळून शंभराच्या आंत आहेत, म्हणून त्याची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील लांब शेंपटीचा, काळ्या तोंडाचा हनुमान-वानर हें तर त्याचें नैसर्गिक घरच नव्हे. परंतु गोदावरीच्या उत्तरेस लाल तोंडाचें रीसस माकडहि वावरतें. म्हणून दवाखान्यांत गेल्यावर नुसतें ‘माकड चावलें’ असें न सांगतां काळ्या तोंडाचें कीं लाल तोंडाचें, हें सांगावें. डॉक्टरला त्या दोन शब्दांचा उपयोग होतो.

आतां या कथेंतील, माझ्या मतें, सर्वांत महत्त्वाचें आणि सर्वांत कमी गाजलेलें पान. १९४३ सालीं शॉनेसी आणि झिकिस या दोघां अमेरिकन संशोधकांनीं गिनीपिगांच्या जखमांत अलर्काचा विषाणु घालून निरनिराळे उपाय ताडून पाहिले. एका बाजूस नायट्रिक ॲसिड, म्हणजे लोहाराच्या सळईचाच सुधारलेला अवतार, आणि दुसऱ्या बाजूस साबणाचें साधें पाणी. साबणानें नीट धुतलेल्या जखमांचें रक्षण ॲसिडानें जाळलेल्या जखमांइतकेंच झालें. तापलेलें तूप, तापलेली सळई, जळजळीत तेजाब या दोन हजार वर्षांच्या वेदनांच्या बदल्यांत जें मिळत होतें, तें मोरीवरच्या वडीनें मिळूं शकतें, असा त्याचा अर्थ. याचें कारणहि आज समजलेलें आहे. या विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचें पातळ आवरण असतें. साबण जसा भांड्याचा ओशटपणा काढतो, तसाच तो हें आवरण फोडतो, आणि आवरण फुटलें कीं विषाणु निकामी होतो. शिवाय वाहतें पाणी त्याला जखमेंतून बाहेर नेतें. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ति दूरवर आहे. तीं भांडीं घासणाऱ्या गृहिणीला ही गोष्ट निराळी समजावून देण्याची जरूर पडूं नये.

म्हणून वानर चावला किंवा त्यानें ओरबाडलें, कीं पहिली धांव दवाखान्याकडे नव्हे, पाण्याकडे. रक्त भळभळा वहात असेल तर स्वच्छ फडकें दाबून आधीं तें आवरावें. एरव्हीं नळाखालीं, बोअरवेलच्या हापशाखालीं किंवा तांब्यानें धार धरून, साबण लावून, जखम निदान पंधरा मिनिटें धुवावी. पंधरा मिनिटें हा काळ वाटतो त्यापेक्षां बराच मोठा असतो, म्हणून घड्याळ लावून धुवावें. मूल रडेल, त्याला धरून ठेवावें, पण आटोपतें घेऊं नये. मग जवळ असल्यास आयोडीनचें औषध लावावें. हळद, चुना, मिरचीची पूड, तेल, तंबाखू, झाडपाला यांपैकीं कांहींहि जखमेंत भरूं नये, कारण तीं जखम चिडवितात आणि विष आंत दाबतात. डाग देऊं नये. घट्ट पट्टी बांधूं नये. जखम मोठी असली तरी लगोलग टांके घालण्याचा आग्रह डॉक्टरजवळ धरूं नये. सुईनें विषाणु आणखी खोल जाण्याचा संभव असतो, आणि टांके घालणें भागच पडलें तर केव्हां व कसे घालावयाचे तें डॉक्टर ठरवितात. कांहीं कारणानें धुणें राहून गेलें असेल, तर तास उलटले म्हणून सोडून देऊं नये; आठवेल तेव्हां धुवावें.

त्यानंतर दवाखाना, आणि तोहि त्याच दिवशीं. येथें वानर आणि कुत्रा यांच्यांत एक मोठा भेद आहे. कुत्र्याला किंवा मांजराला दहा दिवस नजरेखालीं ठेवून तें जिवंत व निरोगी रहातें कीं नाहीं हें पहातां येतें. वानराच्या बाबतींत हा नियम लागू नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं कोणत्या शिवारांत असेल हें कोणी सांगावें, आणि समोर राहिला तरी त्यावरून कांहीं ठरत नाहीं. म्हणून वाट पहावयाचीच नाहीं. आपल्या देशांतील वैद्यकीय नियमांप्रमाणें रानटी प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर वर्गांत धरला जातो, आणि त्यांत लसीबरोबरच जखमेंत तयार प्रतिद्रव्यहि द्यावें लागतें.

हें प्रतिद्रव्य कां, याचा उलगडा १९५४ सालच्या इराणमधील एका घटनेनें झाला. तेथील एका खेड्यांत पिसाळलेल्या लांडग्यानें एका रात्रींत एकोणतीस माणसांना फाडलें. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकीं पांच जणांना नुसती लस मिळाली, त्यांतले तिघे दगावले. तेरा जणांना लसीबरोबर प्रतिद्रव्य असलेलें रक्तजलहि मिळालें, त्यांतला एकच गेला. लसीनें शरीरांत संरक्षण उभें रहावयास आठवडा-दीड आठवडा लागतो. तेवढ्या मुदतींत जखमेच्या दारावर पहारा करण्याचें काम प्रतिद्रव्य करतें. तें जखमेंत आणि तिच्या भोंवतीं टोंचतात, आणि पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आंतच त्याचा उपयोग असतो. लस आतां दंडांत देतात : कातडींत दिली तर पहिला दिवस शून्य धरून शून्य, ३, ७ आणि २८ या दिवशीं, स्नायूंत दिली तर शून्य, ३, ७, १४ आणि २८ या दिवशीं. धनुर्वाताच्या सुईची आठवणहि डॉक्टरला करून द्यावी. सरकारी दवाखान्यांत ही लस विनामूल्य मिळते. कसौलीची वाट धरणाऱ्या त्या बापाला हें ऐकून काय वाटलें असतें, असा विचार मनांत आल्यावांचून रहात नाहीं.

या साधनांचा परिणाम आंकड्यांत दिसतो. २००३ सालच्या पाहणीवरून भारतांत रेबीजनें दरवर्षीं वीस हजारांवर माणसें मरत असावींत असा अंदाज करण्यांत आला होता. २०२२-२३ च्या पाहणीवरून हा अंदाज पावणेसहा हजारांच्या आसपास येतो. दोन्ही पाहण्यांची रीत निराळी असल्यामुळें हे आंकडे शेजारीं ठेवतांना सावधगिरी हवी. तरी उतार खरा आहे. आणि उरलेल्यांपैकीं एकहि मृत्यु टाळतां न येण्यासारखा नव्हता, हेंहि खरें आहे.

चावा टाळण्याविषयीं बोलावयाचें तर पुन्हां मारुतीच्या पारापाशीं यावें लागतें. वानर उगीच माणसाच्या अंगावर येत नाहीं. ज्या वानराला माणसाच्या हातांतून खाण्याची संवय लागते, तो त्या हाताला आपला मानूं लागतो, आणि हात रिकामा दिसला कीं हिसका मारतो. शनिवारचे फुटाणे घेणारा वानर सोमवारीं शाळेच्या वाटेवर मुलाची पिशवी ओढतो, यांत त्याच्याकडून विसंगति कांहींच नाहीं. खाऊ घालणें थांबविलें तर चावे कमी होतील. मारुतीची सेवा करण्याचे इतर मार्ग मोकळे आहेतच.

माणसाच्या आणि वानराच्या भाषेंत एक दुर्दैवी फरक आहे. आपण दांत दाखवितों तें हंसण्यासाठीं. रोखून पहातों तें कौतुकानें. वानराच्या जगांत उघडे दांत आणि रोखलेली नजर हीं दोन्ही आव्हानें आहेत. मुलें नेमकीं हेंच करतात, वर दगड मारतात, आणि वानर उतरला कीं पळत सुटतात. पळणाऱ्याच्या पाठीस लागणें तर त्याला सोपें जातें. नजर खालीं, पाठ न दाखवितां, हळूहळू मागें सरावें. हातांतील केळें त्यानें धरलेंच, तर सोडून द्यावें. दोन रुपयांच्या फळासाठीं झोंबाझोंबी करण्यांत अर्थ नाहीं. काठी असली तर जमिनीवर आपटावी, वानराला मारूं नये. जखमी वानर अधिक धोक्याचा, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें हनुमान-वानर संरक्षित आहे. पोटाशीं पिल्लू असलेल्या वानरीच्या आणि टोळीच्या मध्यें कधींहि उभें राहूं नये. पिल्लू खालीं पडलें असेल तर दयेनें उचलावयास जाऊं नये, कारण सारी टोळी अंगावर येते. टोळींत नवा हुप्प्या घुसून जुन्याला हुसकावून लावतो, त्या दिवसांत तर टोळी फारच बिथरलेली असते. १९६० नंतरच्या दशकांत धारवाडच्या रानांत सुगियामा या जपानी संशोधकानें असे सत्तापालट जवळून पाहिले, आणि नवा नर जुन्याच्या पिल्लांना ठार करतो हेंहि नोंदलें. अशी आरडाओरड गांवांत ऐकूं आली तर मुलांना दोन दिवस परसांत एकटें सोडूं नये.

घराच्या बाबतींत गृहिणींनाच अधिक ठाऊक आहे. सैंपाकघराच्या खिडकीला जाळी, उष्ट्याखरकट्याच्या डब्याला झांकण, आणि कवेलूंवर वाळत घातलेल्या वड्या-पापडांवर नजर, इतकें साधलें तरी वानराला अंगणांत थांबण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

एक गोष्ट राहिली. पहिली सुई भीतीनें घेतली जाते, दुसरी आठवणीनें. शेवटच्या सुईपर्यंत जखम भरलेली असते आणि घर ती विसरलेलें असतें. दवाखान्यांतून मिळालेल्या कागदावर अठ्ठाविसाव्या दिवसाची तारीख लिहिलेली असते. चावा पावसाळ्याच्या तोंडीं झाला असेल, तर ती तारीख नेमकी रोवणीच्या धामधुमींत येते, आणि भर चिखलांतून तालुक्याला जावयाचें जिवावर येतें. तो कागद धान्याच्या कोठीवर न ठेवतां, देवघरांतल्या मारुतीच्या तसबिरीपाशीं सर्वांना दिसेल असा लावून ठेवावा.